दुसरा जिना कुठे आहे?

मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यातील बहुतेकांचा मृत्यू भाजल्याने नव्हे, तर गुदमरून झाला. बाहेर पडण्याचा मार्ग न सापडल्याने अनेक जण स्वच्छतागृहाकडे धावले आणि तेथेच धुराने त्यांना गाठले. पाणी आहे म्हणजे आसरा मिळेल, असे त्यांना वाटले असावे. प्रत्यक्षात त्या खोलीला दुसरा दरवाजा नव्हता.

मोठी आग लागली की चौकशी समिती नेमली जाते आणि 'आग कशामुळे लागली' या प्रश्नाभोवतीच चर्चा फिरत राहते. शॉर्ट सर्किट, गॅसची गळती, निखारे, फटाके अशी कारणे पुढे येतात. ती शोधणे आवश्यकच आहे. परंतु 'माणसे बाहेर का पडू शकली नाहीत' हा दुसरा प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारला जात नाही. आग लागणे पूर्णपणे टाळता येईलच असे नाही. मात्र आग लागल्यावर इमारतीतील माणसे सुखरूप खाली उतरावीत, याची व्यवस्था इमारत बांधतानाच करता येते. जिने, दरवाजे, मार्गिका आणि रेफ्युज एरिया ही ती व्यवस्था होय. उंच इमारतींच्या शहरांत राहणाऱ्यांनी ती समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आगीआधी धूर पोहोचतो

आगीत जीव जातो तो मुख्यतः धुरामुळे. फोम, प्लास्टिक, कृत्रिम धाग्यांचे पडदे, सोफे अशा वस्तू जळू लागल्या की काही मिनिटांतच खोली काळ्या धुराने भरते. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. परिणामी शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो, विचारशक्ती मंदावते आणि माणूस दरवाजापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळतो.

गरम धूर वर चढतो. त्याला वर जाण्यासाठी मोकळी उभी पोकळी मिळाली की तो झपाट्याने मजल्यामागून मजले व्यापतो. इमारतीत अशा पोकळ्या अनेक असतात. जिना ही त्यांतली सर्वात मोठी. त्याखेरीज लिफ्टचा मार्ग, विजेच्या तारांचे डक्ट, पाण्याच्या नळांचे डक्ट आणि वातानुकूलनाच्या नळ्या. कोलकात्यातील एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे तळघरात आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यांवर पोहोचल्याच नाहीत, धूर मात्र पोहोचला आणि सुमारे ९० जण दगावले. त्यांत अंथरुणावर खिळलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. मुंबईत गोरेगावच्या एका सात मजली पुनर्वसन इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तळाशी, वाहनतळाच्या जागेत आग भडकली. माणसे झोपेत असतानाच धूर वर चढला आणि किमान सात रहिवाशांना प्राण गमवावे लागले.

आग तळाशी आणि बळी वरच्या मजल्यांवर, असे का घडते, याचे उत्तर या दोन घटनांत आहे. ज्या जिन्याने माणसांनी खाली यायचे, त्याच जिन्याने धूर वर येतो. म्हणून संकटकाळी वापरायचा जिना केवळ 'असून' भागत नाही. तो धुरापासून वेगळा राखलेला असावा लागतो.

दोन जिने कशासाठी?

राष्ट्रीय बांधकाम संहिता प्रथम १९७० मध्ये तयार झाली आणि तिची २०१६ ची आवृत्ती हा आज देशभर आधार मानला जातो. या संहितेच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेचे निकष दिलेले आहेत. १५ मीटर वा त्याहून अधिक उंचीची इमारत ही 'उंच इमारत' समजावी आणि तिला सर्वसाधारणपणे किमान दोन जिने असावेत, हे त्यांतील मूळ तत्त्व. राज्यांच्या व महापालिकांच्या नियमावलींत उंचीच्या व्याख्येत आणि सवलतींत फरक आढळतो. तत्त्व मात्र तेच राहते. एक मार्ग धुराने वा ज्वाळांनी बंद झाला, तर दुसरा खुला असला पाहिजे.

यात एक मेख आहे. दोन जिने एकमेकांना लागून असतील, तर एकाच संकटाने दोन्ही निकामी होतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी हेच दिसले. उत्तर मनोऱ्यात तीन जिने होते. परंतु ते इमारतीच्या मध्यभागी जवळजवळ असल्याने विमान आदळताच त्या मजल्यांवर तिन्ही तुटले आणि वरच्या भागातील एकालाही खाली येता आले नाही. दक्षिण मनोऱ्यात एक जिना कसाबसा शिल्लक राहिला. त्याने १८ जण वाचले. उलट, विमान आदळले त्याखालच्या मजल्यांवरील सुमारे ९९ टक्के लोक सुखरूप बाहेर पडले, असे अमेरिकी सरकारी संस्थेच्या तपासात आढळले. जिना शाबूत असेल तर गगनचुंबी इमारतीतूनही माणसे वाचतात, आणि जिना गेला की सारेच संपते, हा या आकडेवारीचा अर्थ.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीला एकच जिना होता. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली. घरातून बाहेर न पडता आतच थांबावे, अशी सूचना तेथील रहिवाशांना आधीपासून दिलेली होती. प्रत्येक सदनिकेच्या भिंती व दरवाजे आग रोखून धरतील, हे त्या सूचनेमागचे गृहीतक. परंतु इमारतीच्या बाहेरील आवरणाने पेट घेतला आणि आग बाहेरूनच वर चढली. ही सूचना मागे घेण्यात जवळपास दोन तास गेले. ७२ जणांचा मृत्यू झाला. आपल्याकडेही काच आणि धातूच्या पत्र्यांची आवरणे असलेल्या इमारती वाढत असताना हा धडा परका मानता येणार नाही.

लोखंडी जिन्याची गोष्ट

'फायर एस्केप' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो इंग्रजी चित्रपटांत दिसणारा, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला टांगलेला लोखंडी जिना. त्याची ख्याती मोठी असली तरी इतिहास फारसा दिलासा देणारा नाही. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता. कामगार कापड चोरून नेतील, या भीतीने एका बाजूच्या जिन्याच्या दरवाजाला कुलूप घातलेले होते. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. १४६ कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यांत तरुण मुलींचे प्रमाण मोठे होते. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत बाहेर पडण्याच्या मार्गांचे नियम नव्याने लिहिले गेले आणि टांगलेल्या जिन्यांऐवजी इमारतीच्या आतच, अग्निरोधक भिंतींनी बंदिस्त केलेल्या जिन्यांवर भर दिला जाऊ लागला.

मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागील बाजूस गोलाकार लोखंडी जिने दिसतात. त्यांनाही अनेक जण आगीच्या वेळचा जिना समजतात. प्रत्यक्षात त्यांतील बरेचसे जिने सफाई कामगारांनी घरात न शिरता मागच्या मागे शौचालयांपर्यंत जावे म्हणून बांधलेले होते. जातिव्यवस्थेची ती खूण आज गंजून गेली आहे आणि संकटात तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. संहितेनेही गोलाकार जिन्याला अगदी कमी उंचीच्या व कमी वर्दळीच्या इमारतींपुरतीच मुभा दिली आहे. अरुंद, वळत्या पायऱ्यांवरून घाबरलेल्या माणसांची रांग उतरू शकत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

बाहेरचा जिना बांधायचाच असेल, तर तो सरळ पायऱ्यांचा आणि थेट जमिनीपर्यंत जाणारा असावा, त्याचे प्रवेशद्वार आतल्या जिन्यापासून दूर असावे आणि त्याच्या लगत खिडक्या वा झडपा नसाव्यात, असे निकष आहेत. शेजारच्या खिडकीतून ज्वाळा बाहेर आल्या तर तो जिना निरुपयोगी ठरतो.

दरवाजा कोणत्या दिशेने उघडतो?

इंग्लंडमधील संडरलँड येथे १६ जून १८८३ रोजी एका सभागृहात मुलांचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाच्या शेवटी बक्षिसे वाटली जात असल्याचे कळताच सज्जातील मुले जिन्यावरून खाली धावली. तळाचा दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा होता आणि एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून त्याला कडी घातलेली होती. तेथे चेंगरून १८३ मुले दगावली. आग नव्हतीच. केवळ दरवाजा चुकीचा होता. त्यानंतर वीस वर्षांनी, ३० डिसेंबर १९०३ रोजी, शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागून सहाशेहून अधिक प्रेक्षक मरण पावले. हे नाट्यगृह 'संपूर्ण अग्निरोधक' म्हणून जाहिरात केलेले होते. त्याचे अनेक दरवाजे बंद होते, काही पडद्यांआड दडलेले होते, तर काही आतल्या दिशेने उघडणारे होते.

गर्दी मागून रेटत असताना पुढच्या माणसाला दरवाजा स्वतःकडे ओढता येत नाही. म्हणून निर्गमद्वार बाहेरच्या दिशेने, म्हणजे माणसे ज्या दिशेने पळतात त्याच दिशेने उघडले पाहिजे. आडव्या दांड्यावर शरीराचा भार पडताच उघडणारी कडी, जिला 'पॅनिक बार' म्हणतात, ती अशाच दुर्घटनांतून जन्माला आली. ही कडी बाहेरून उघडत नाही, आतून मात्र किल्लीशिवाय उघडते. 'चोरीची भीती वाटते म्हणून कुलूप लावतो' या सबबीला ती चोख उत्तर आहे.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी वाहनतळाच्या जागेतील ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली. धूर बाल्कनीत शिरला. जादा खुर्च्या बसवण्यासाठी तेथील एक वाट बंद करण्यात आली होती. ५९ प्रेक्षकांचा गुदमरून मृत्यू झाला. चार तिकिटे अधिक खपावीत म्हणून बुजवलेल्या वाटेचा हिशेब पुढे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. सुरतमधील एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या शिकवणी वर्गात २४ मे २०१९ रोजी २२ विद्यार्थी दगावले. खाली जाणारा जिना आगीने घेरला गेल्यावर अनेक मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. गोव्यात हडफडे येथील नाईटक्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये २५ जणांचा बळी गेला, तेव्हाही बाहेर पडण्याच्या अपुऱ्या वाटांचा विषय पुढे आला. स्थळे व वर्षे बदलतात, चूक बदलत नाही.

चपलांचे कपाट आणि ३० माणसे

जिना किती रुंद असावा, हे अंदाजाने ठरत नाही. एका मजल्यावर किती माणसे असू शकतात, याचा हिशेब करून संहिता जिन्याच्या रुंदीपैकी साधारणतः दर माणशी १० मिलिमीटर धरते. म्हणजे दीड मीटर रुंदीचा जिना १५० माणसांसाठी. आता याच जिन्यात कोणी ३० सेंटिमीटर खोलीचे चपलांचे कपाट ठेवले, तर कागदावरच ३० माणसांची वाट बंद झाली. हॉटेलांत जिना किमान दीड मीटर आणि चित्रपटगृहांसारख्या ठिकाणी दोन मीटर असावा, असे संहिता सांगते, ते याच गणितावरून.

शहरातील कोणत्याही इमारतीचा जिना चढून पाहिला तर काय दिसते? सायकली, कुंड्या, जुने पलंग, रद्दीचे गठ्ठे, पाण्याचे पिंप. जिन्याखाली मीटर रूम आणि तिच्या दाराशी उभ्या केलेल्या दुचाकी. प्रत्येक मजल्यावरचा अग्निरोधक दरवाजा हवा खेळावी म्हणून विटेने वा दोरीने उघडा ठेवलेला. हा दरवाजा आपोआप बंद होणारा असतो, कारण धूर जिन्यात शिरू नये हेच त्याचे काम. दोन तास आग सोसण्याच्या क्षमतेचा महागडा दरवाजा उघडा राहिला तर त्याची किंमत शून्य होते.

रेफ्युज एरियाची कथाही अशीच. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत साधारण त्या उंचीवर पहिला आणि त्यानंतर दर १५ मीटरला एक असा मोकळा भाग राखावा, ही संहितेची अपेक्षा आहे. जिना उतरणे शक्य नसलेल्या वृद्धांनी, रुग्णांनी, अपंगांनी तेथे थांबावे आणि अग्निशमन दलाने त्यांना तेथून न्यावे, असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात या जागेत कुठे सोसायटीचे कार्यालय थाटलेले, कुठे व्यायामशाळा, तर कुठे अडगळीची खोली आढळते. खिडक्यांना बाहेर काढलेल्या आणि पक्क्या जोडलेल्या बॉक्स ग्रिलमुळे शिडी दारापर्यंत आली तरी माणूस बाहेर काढता येत नाही. या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवली, तरी मोठा फरक पडतो.

शिडी येईल, या भरवशावर

'अग्निशमन दल येईल आणि शिडी लावेल', ही समजूत सार्वत्रिक आहे. मुंबई अग्निशमन दलाकडे सुमारे ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी यांत्रिक शिडी आहे. परंतु शहरात त्याहून कितीतरी उंच मनोरे उभे आहेत. शिवाय असे अवजड वाहन इमारतीजवळ उभे राहण्यासाठी सहा मीटर रुंदीचा मोकळा, भक्कम रस्ता लागतो. तेथे रहिवाशांच्या मोटारी उभ्या असतील, तर शिडी किती उंच आहे हा प्रश्नच गौण ठरतो.

गच्चीवर गेलो की सुटलो, हा समजही तपासून पाहावा लागेल. अंधेरीतील एका व्यापारी इमारतीत जुलै २०१४ मध्ये लागलेल्या आगीत अग्निशमन दलाचे जवानच वर अडकले. हेलिकॉप्टरच्या साह्याने सुटकेचे प्रयत्न झाले. तरीही एका जवानाला प्राण गमवावे लागले. सर्वसामान्य रहिवाशासाठी खाली उतरणे हाच पहिला पर्याय. खालचा जिना धुराने भरला असेल, तर घरात परतून दार बंद करावे, फटी ओल्या टॉवेलने बुजवाव्यात आणि रस्त्याकडच्या खिडकीशी थांबून १०१ क्रमांकावर मजला व सदनिका कळवावी. लिफ्ट कधीही वापरू नये. वीज गेली की ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि तिचा मार्ग धुराड्यासारखा भरतो.

परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकवल्याप्रमाणे ओले कपडे नाकातोंडावर धरायला लावून शेजाऱ्यांना धीर दिला. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या कपड्याने काजळी काही प्रमाणात अडते. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तथापि, त्या इमारतीत चार जणांचा मृत्यू झाला असताना, काय करायचे हे एका शाळकरी मुलीला ठाऊक होते, ही बाब मोठ्यांनी विचार करावा अशी आहे.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची आहे. गृहनिर्माण संस्थेत ती सोसायटीवर येते. विकासक निघून गेला, ताबा मिळाला, भोगवटा प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून घेऊन ती सुस्थितीत असल्याचे 'फॉर्म बी' हे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा अग्निशमन विभागाला सादर करावे लागते. कायदा न पाळणाऱ्यांवर खटला भरण्याचे, इतकेच नव्हे तर वीज व पाणी तोडण्याचेही अधिकार यंत्रणेला आहेत.

परंतु प्रमाणपत्र सहा महिन्यांतून एकदा येते आणि जिन्यात सामान रोज ठेवले जाते. कुंडी उचला असे शेजाऱ्याला सांगण्याचा संकोच, वर्गणी वाढेल म्हणून पंपाची दुरुस्ती पुढे ढकलणारी सर्वसाधारण सभा, गच्चीच्या कुलपाची किल्ली नेमकी कोणाकडे आहे हे ठाऊक नसलेला रखवालदार, या साऱ्यांची किंमत एखाद्या पहाटे एकदम वसूल होते. तीही बहुधा ज्यांना धावता येत नाही त्यांच्याकडून.

रहिवाशांनी हे तपासावे

* इमारतीला जिने किती आणि दोन्ही थेट जमिनीपर्यंत उतरतात का?
* जिन्यात, मार्गिकेत व मीटर रूमसमोर सामान वा वाहने आहेत का?
* अग्निरोधक दरवाजे आपोआप बंद होतात का आणि बाहेर पडण्याचे दरवाजे आतून किल्लीशिवाय उघडतात का?
* वीज गेल्यावर जिन्यातील आपत्कालीन दिवे आणि निर्गम मार्गाचे फलक उजळतात का?
* डक्टमधून तारा गेल्या आहेत त्या जागा प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बुजवल्या आहेत का?
* रेफ्युज एरिया मोकळा आहे का?
* कोणत्या घरात वृद्ध, आजारी वा अपंग व्यक्ती आहेत, याची यादी सोसायटीकडे व रखवालदाराकडे आहे का?
* शेवटचा फॉर्म बी केव्हा सादर झाला?

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात आग विझवताना ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. प्रात्यक्षिके होतात, पत्रके वाटली जातात. त्या सप्ताहात प्रत्येक सोसायटीने एवढे जरी केले तरी पुष्कळ होईल: सर्व रहिवाशांनी, मुलाबाळांसह, लिफ्ट बंद ठेवून दुसऱ्या जिन्याने एकदा खाली उतरावे. किती वेळ लागला, कोण कुठे अडखळले आणि कोणते दार उघडले नाही, हे त्याच दिवशी कळेल. ज्या वाटेवरून माणूस कधीच चाललेला नाही, ती वाट धुरात आणि अंधारात त्याला सापडण्याची शक्यता फार कमी असते.